विचारचित्रासाठी साधनांची निवड

गावात एखादा प्रश्न उभा राहिला म्हणजे त्यावर बोलणारे पुष्कळ असतात. परंतु बोललेले सर्व एका जागी मांडून, त्यातील कोणती गोष्ट कशामुळे घडते हे शांतपणे पाहण्याची सवय फारच थोड्या ठिकाणी आढळते. बैठक होते, ठराव लिहिला जातो आणि काही महिन्यांनी त्याच प्रश्नावर तीच बैठक पुन्हा बोलवावी लागते. लोकांना समज नाही, हे याचे कारण नव्हे. तोंडचे शब्द वाऱ्यावर जातात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचेच म्हणणे लक्षात राहते, हे त्याचे कारण होय. बोलणे डोळ्यांना दिसू लागले तर या अडचणीवर पुष्कळशी मात करता येते. विचारचित्र हा त्याचा एक साधा उपाय आहे.

विचारचित्र काढण्याची रीत कठीण नाही. मात्र ते कशावर व कशाने काढावे, हा प्रश्न गावपातळीवरील कार्यकर्त्यांपुढे नेहमी येतो. अंगण, फळा, कागद, चिठ्ठ्या आणि आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाईल, अशी अनेक साधने हाताशी आहेत. त्यांपैकी कोणते केव्हा निवडावे, याचे विवेचन या लेखात केले आहे.

विचारचित्र म्हणजे काय?

मध्यभागी मुख्य प्रश्न लिहावा अथवा त्याचे चित्र काढावे. त्यापासून चोहोबाजूंना जाड फांद्या काढून प्रत्येक फांदीवर त्या प्रश्नाचे एकेक अंग लिहावे. प्रत्येक फांदीस पुढे बारीक डहाळ्या फुटतात. त्यांवर कारणे, परिणाम व उपाय लिहावेत. एका फांदीवर शक्यतो एकच शब्द अथवा दोन-तीन शब्द असावेत, लांब वाक्य नसावे. घराण्याची वंशावळ ज्याने पाहिली आहे, त्यास ही मांडणी सहज समजेल. फरक एवढाच, की वंशावळ वरून खाली वाढते आणि विचारचित्र मधून बाहेर वाढते.

इंग्रजीत यास 'माइंड मॅप' म्हणतात. टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने १९७४ च्या सुमारास या नावाने ही पद्धत लोकप्रिय केली. त्याच दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी याच्याशी मिळतीजुळती अशी दुसरी पद्धत विकसित केली. तिच्यात दोन कल्पनांना जोडणाऱ्या रेषेवरही 'यामुळे', 'यासाठी' असे शब्द लिहितात. शेतीच्या प्रश्नांत कारण व परिणाम यांना महत्त्व असल्यामुळे दोन्ही पद्धतींचा मेळ घालणे सोयीचे पडते.

जमिनीवर चित्रे काढून गावाचा विचार करण्याची पद्धतही आता चांगली रुळली आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस केनिया व भारत या देशांत लोकसहभागातून ग्रामीण पाहणी करण्याची पद्धत आकारास आली. तिचा प्रसार करण्यात ससेक्स येथील अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांचा मोठा वाटा आहे. अक्षर न ओळखणारी माणसेही आपल्या गावाचा, पाण्याचा व पिकांचा नकाशा जमिनीवर नेमकेपणाने काढू शकतात, हा त्या कामातून आलेला अनुभव प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

एक उदाहरण

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा प्रश्न घेऊ. २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातील कपाशीचे फार मोठे नुकसान केले. बीटी वाणांतील विषास ती आता बऱ्याच अंशी दाद देत नाही. अळी बोंडाच्या आत राहत असल्यामुळे फवारणीचे औषध तिच्यापर्यंत पोहोचणेही अवघड असते.

समजा, एखाद्या कार्यकर्त्याने या विषयाचे विचारचित्र आपल्या टेबलावर बसून एकट्याने काढले. मध्ये 'गुलाबी बोंडअळी' लिहून तो साधारणतः पुढील फांद्या काढील. पहिली फांदी पाहणीची: हेक्टरी ५ कामगंध सापळे लावणे, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजणे. दुसरी डोमकळ्या व हिरवी बोंडे तपासण्याची: एकरी २० बोंडे फोडून पाहून त्यांतील दोनांत जिवंत अळी निघाल्यास नुकसानीची पातळी गाठली असे समजणे. तिसरी फवारणीची. चौथी पीक डिसेंबरअखेर काढून टाकण्याची, म्हणजे फरदड न घेण्याची. हे सर्व बरोबर आहे. तरीही हे चित्र अपुरे आहे.

आता हेच चित्र गावातील स्त्री-पुरुषांनी मिळून काढले तर काय होईल, ते पाहा. 'फरदड' या फांदीवर कोणी विचारील, 'फरदड न ठेवावी हे ठाऊक असताना ती का ठेवली जाते?' उत्तरे येतील: विहिरीस अजून पाणी आहे, एका वेचणीचा पैसा हातात येतो, रब्बीच्या बियाण्याची जुळवाजुळव वेळेवर होत नाही. तेवढ्यात एखादी बाई म्हणेल, 'पऱ्हाटी उपटली तरी ती घरामागेच रचून ठेवतो. चुलीला दुसरे काय आहे?' या एका वाक्याने चित्रास नवी फांदी फुटते, ती सरपणाची. रचलेल्या पऱ्हाटीवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढील हंगामात तिचे पतंग नव्या कपाशीवर जातात. म्हणजे अळीची एक वाट चुलीवरून जाते. जो चूल सांभाळतो त्यासच ही गोष्ट आधी सुचणार. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो ते येथे अक्षरशः खरे ठरते.

साधनाची निवड महत्त्वाची आहे ती यासाठी. ती बाई बोलली नसती तर चित्र दिसावयास नीटनेटके झाले असते. परंतु गावाने त्याप्रमाणे काम करूनही पतंग पुन्हा आलेच असते. तिला बोलावेसे वाटेल, आणि तिचे म्हणणे तिच्याच हाताने मांडता येईल, असे साधन हे उत्तम साधन होय.

निवड करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

कोणतेही साधन हाती घेण्यापूर्वी कार्यकर्त्याने स्वतःस चार प्रश्न विचारावेत.

१. खडू कोणाच्या हातात राहणार? एकट्या कार्यकर्त्याच्या, लिहिता येणाऱ्या चौघांच्या, की सर्वांच्या?
२. माणसे किती? चित्र सर्वांना एकाच वेळी दिसेल काय?
३. चित्रात खोडाखोड व अदलाबदल किती करावी लागेल? विचार अद्याप चाचपडत असेल तर खोडणे सोपे असावे.
४. चित्र पुढे कोणास दाखवावयाचे आहे व किती दिवस टिकवावयाचे आहे?

यांपैकी पहिल्या प्रश्नाचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. उरलेल्या तिन्ही प्रश्नांतील उणीव नंतर भरून काढता येते. पण सुरुवातीसच गप्प राहिलेला माणूस नंतर बोलता करणे कठीण जाते.

जमीन आणि रांगोळी

सारवलेले अंगण, देवळापुढील मोकळी जागा अथवा समाजमंदिराची फरशी हे सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत गुणकारी साधन आहे. रांगोळी, राख, गेरू व चुना यांनी फांद्या काढाव्यात. शब्दांऐवजी वस्तू ठेवाव्यात: सरपणासाठी पऱ्हाटीची काडी, पाण्यासाठी तांब्या, कर्जासाठी नाणे, बियाण्यासाठी सरकी. पंचवीस-तीस माणसे भोवती सहज उभी राहतात. रांगोळी काढण्याचा सराव स्त्रियांस असल्यामुळे साधन त्यांच्या हाती आपोआप जाते. अक्षरज्ञानाची अडचण उरत नाही आणि चूक पायाने पुसता येते.

कोणते कारण अधिक महत्त्वाचे हे ठरवावयाचे असल्यास प्रत्येकास दहा चिंचोके द्यावेत आणि ज्या फांदीवर योग्य वाटेल तेथे ते ठेवण्यास सांगावे. मोठ्याने न बोलणाऱ्याचे मतही अशा रीतीने मोजले जाते.

या साधनाचे दोष दोन आहेत. वारा, पाऊस व कोंबड्या यांपुढे ते टिकत नाही; तसेच फार बारीक तपशील त्यात मावत नाही. चित्र पुरे होताच त्याची कागदावर नक्कल करावी आणि उंचावरून मोबाईलने छायाचित्र घ्यावे. खुणांसाठी कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या वा डबे कधीही वापरू नयेत. बैठकीस मुले आलेली असतात, हे विसरता कामा नये.

फळा आणि खडू

शाळेचा फळा बहुतेक गावी मिळतो. माहिती समजावून सांगावयाची असेल, उदाहरणार्थ अंडी, अळी, कोष व पतंग हा किडीचा जीवनक्रम, तर फळ्यासारखे दुसरे साधन नाही. पन्नास माणसांस तो दिसतो आणि पुसणे सोपे असते.

परंतु फळ्यापुढे एकच माणूस उभा राहू शकतो. तो गुरुजी बनतो व बाकीचे विद्यार्थी. ज्यांनी शाळा लवकर सोडली त्यांस फळ्याजवळ येण्याचा संकोच वाटतो. म्हणून गावाकडून काही काढून घ्यावयाचे असेल तेव्हा फळा शक्यतो टाळावा. वापरावयाचाच झाल्यास खडू दर दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या हाती द्यावा.

चिठ्ठ्या

पाठकोऱ्या कागदाचे हाताच्या पंजाएवढे तुकडे कापून प्रत्येकावर एकच मुद्दा लिहावा. लिहिता येत नसेल त्याने चित्र काढावे अथवा शेजाऱ्याकडून लिहवून घ्यावे. सर्व चिठ्ठ्या सतरंजीवर पसराव्यात आणि एका जातीचे मुद्दे एकत्र ठेवीत जावे. काही वेळाने फांद्या आपोआप तयार होतात.

अदलाबदल करण्याची सोय हा चिठ्ठ्यांचा मोठा गुण होय. 'सरपण' ही चिठ्ठी प्रथम घरखर्चाच्या फांदीवर पडली असेल. ती उचलून 'अळी कोठून येते' या फांदीवर ठेवली, की विचारास नवे वळण मिळते. शिवाय चिठ्ठीवर नाव नसल्यामुळे बैठकीत उघड न बोलता येण्यासारखी गोष्टही पुढे येऊ शकते. मांडणी निश्चित झाल्यावर चिठ्ठ्या खळीने मोठ्या कागदावर चिकटवाव्यात. दहा ते पंधरा माणसांच्या गटास, बचत गटास अथवा शेतकरी गटास हे साधन विशेष सोयीचे आहे.

मोठा कागद

खाकी वेष्टनाचा मोठा कागद व दोन-तीन रंगांच्या शाईपेन्सिली अथवा मार्कर एवढे साहित्य पुरते. कागद भिंतीवर न लावता जमिनीवर पसरावा, म्हणजे सात-आठ माणसे भोवती बसून चारी बाजूंनी लिहू शकतात. प्रथम साध्या पेन्सिलीने फांद्या काढाव्यात व मागाहून रंगाने पक्क्या कराव्यात. रंगांचा अर्थ आरंभीच ठरवावा. जसे, कारणांस लाल, उपायांस हिरवा आणि ज्याचे उत्तर अजून मिळाले नाही त्यास निळा.

कागद टिकतो, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येतो आणि पुढील बैठकीत पुन्हा उघडता येतो. हा गुण लहान नव्हे. गेल्या वर्षी आपण काय ठरविले व त्यातील काय झाले, हे गावास त्यावरून पाहता येते. कागदाच्या कोपऱ्यात तारीख, जागा आणि उपस्थित स्त्री-पुरुषांची संख्या अवश्य लिहावी.

एकट्या शेतकऱ्याने आपल्या शेताचा विचार करण्यासाठी साधी वही पुरेशी आहे. वही आडवी धरून दोन पानांवर मिळून एक चित्र काढावे. हंगामापूर्वी अर्धा तास असे बसल्यास बियाणे, मजूर, पाणी व पैसा यांचा मेळ कोठे चुकणार आहे, ते बहुधा आधीच दिसते.

मोबाईल आणि संगणक

विचारचित्रे काढण्यासाठी संगणकावर व मोबाईलवर चालणारी अनेक साधने आज उपलब्ध आहेत. 'फ्रीमाइंड' व त्यापासून पुढे निघालेले 'फ्रीप्लेन' ही संगणकावरील मुक्त साधने असून ती विनामूल्य मिळतात व इंटरनेटशिवायही चालतात. मोबाईलवरील साधनांची संख्या मोठी आहे व ती सतत बदलत असते. यास्तव नावावर न जाता पुढील कसोट्या लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी मराठीची. 'शेतकऱ्यांच्या', 'द्राक्षे', 'ज्वारी', 'कृषी', 'विद्युत्पंप' हे शब्द लिहून पाहावेत. पडद्यावर अक्षरे बरोबर दिसली तरी थांबू नये. चित्राची पीडीएफ काढून ती दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून पाहावी व शक्य असल्यास छापून पाहावी. जोडाक्षरे फुटतात ती बहुधा याच टप्प्यावर. मजकूर नेहमी युनिकोडमध्येच लिहावा.

दुसरी कसोटी इंटरनेटची. शिवारात संपर्क नसताना साधन उघडते काय व काम जतन होते काय, हे आधी तपासावे. तिसरी कसोटी खर्चाची. विनामूल्य म्हणून मिळणारी काही साधने ठरावीक संख्येपुढे नवीन चित्र काढू देत नाहीत. चौथी कसोटी कामाच्या सुटकेची. ते साधन उद्या बंद पडले तर आपले चित्र पीडीएफ, छायाचित्र अथवा साध्या मजकुराच्या रूपाने बाहेर काढता येईल काय? येत नसेल तर त्यात गावाचे काम ठेवू नये. पाचवी कसोटी खाजगीपणाची. कोणाचे कर्ज, आजार वा जमिनीचा वाद यांचा उल्लेख असलेले चित्र सर्वांस दिसेल अशा ठिकाणी ठेवू नये.

या साधनांचे खरे काम बैठकीनंतर सुरू होते. गावाने काढलेले चित्र स्वच्छ करणे, त्यात भर घालणे, प्रती पाठविणे व अहवालास जोडणे ही कामे त्यांनी उत्तम होतात. महाराष्ट्रात २०१५-१६ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली ग्रामपंचायतींचे विकास आराखडे लोकसहभागाने करण्यास आरंभ झाला, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवर असे आराखडे नोंदविले जातात. अशा नोंदीपूर्वी विचारचित्र संगणकावर असल्यास पुष्कळ श्रम वाचतात. परंतु बैठकीच्या वेळी मोबाईल हाती घेतला तर तो एकाच्याच हाती राहतो, आणि चार इंचांच्या पडद्याभोवती गाव बसू शकत नाही.

एका साधनावरून दुसऱ्यावर

वरील विवेचनावरून एकच साधन निवडावे असा अर्थ कोणी घेऊ नये. चांगल्या कामात साधने क्रमाने येतात. बोंडअळीच्या आपल्या उदाहरणात पहिल्या दिवशी अंगणात रांगोळीने चित्र काढावे. त्यातून सरपणाची फांदी पुढे येईल. दुसऱ्या बैठकीत चिठ्ठ्यांच्या साहाय्याने उपाय मांडावेत. पऱ्हाटी रचून ठेवू नये ही मूळ शिफारस. मग चुलीस पर्याय काय? यंत्राने पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून त्याचे खत करता येईल काय? यंत्र भाड्याने कोण आणील? काही पऱ्हाटी ठेवावीच लागली तर वाळकी बोंडे तोडून नष्ट कोणी करावीत? ज्या घरात खरोखर दुसरे सरपण नाही, त्या घराची सोय कशी लावावी? ठरलेल्या गोष्टी नावांसह व तारखांसह मोठ्या कागदावर याव्यात आणि शेवटी त्याची प्रत संगणकावर जावी. पतंग बांध ओळखत नाही. तेव्हा हे काम साऱ्या शिवाराने एकाच वेळी करावयाचे आहे, हे चित्रावरून सर्वांस दिसले म्हणजे अर्धे काम झाले.

टाळावयाच्या चुका

कार्यकर्त्याने तयार चित्र घरून आणून गावास दाखवू नये. लोक मान डोलावतील, पण ते चित्र त्यांचे होणार नाही. आपले ज्ञान जरूर सांगावे, मात्र लोकांच्या फांद्या निघाल्यावर सांगावे. बैठकीची वेळ स्त्रियांच्या सोयीने ठरवावी. वेचणीच्या दिवसांत दुपारची बैठक म्हणजे त्यांना वगळणेच होय. पुरुषांच्या गर्दीत त्या बोलत नसतील तर त्यांचे चित्र वेगळे काढून मग दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. चित्र सुंदर करण्यात वेळ घालवू नये. आणि उत्तर न मिळालेली फांदी पुसून टाकू नये. ती तशीच मोकळी ठेवावी, कारण पुढील बैठकीचा विषय तीच असते.

साधन महाग असो वा स्वस्त, विचार माणसांनीच करावयाचा असतो. शेतकरी बंधू-भगिनींनी व कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी आपल्या गावचा एक प्रश्न घ्यावा, मूठभर रांगोळी घ्यावी आणि एक संध्याकाळ अंगणात बसावे. रांगोळी प्रथम कोणाच्या हातात द्यावयाची, तेवढे मात्र आधी ठरवावे.